रंकाळ्यावरचं वारं म्हणे!

पेठकर: काल एका पोस्टीत वाचलं, "कोल्हापूरकरांचं मत म्हणजे रंकाळ्यावरचं वारं. जोतिबाचा सुंदर हत्ती २०१४ ला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला तेव्हा टाळ्या, नांदणीच्या जैन मठाची हत्तीण महादेवी २०२५ ला गुजरातेतल्या वनतारा प्राणी केंद्रात गेली तर मोर्चा." डोकंच फिरलं. होय, सुंदरच्या वेळी 'सुटला बिचारा' म्हणणाऱ्यांत मीही होतो. साखळदंडाचे फोटो बघून जीव तुटायचा. पण महादेवी नेली त्या रात्री मी नांदणीत होतो. म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. मत बदललं, पण डोळ्यानं बघून बदललं. वारं कुठं आलं त्यात?

कागदवाचक: डोळ्यानं काय बघितलंत? तिचे पाय, नखं, सांधे? त्यावर समितीचा अहवाल आहे. १६ जुलैला हायकोर्ट आणि २८ जुलैला सुप्रीम कोर्ट, दोघांनीही तिला वनताराला न्यायच्याच बाजूनं निकाल दिला. गाव फिरलं ते रडणाऱ्या हत्तिणीच्या व्हिडिओवर. हत्तीला नाकात उतरणारी अश्रुनळीच नसते, डोळ्यातलं पाणी गालावरच ओघळतं. रोज.

पेठकर: आणि माणसं रडत होती त्यांचीबी नळी नव्हती काय?

शिरोळची सून: दादा, अहवाल राहू दे. ३ ऑगस्टला नांदणीतनं कलेक्टर कचेरीपर्यंत ४५ किलोमीटर चालत गेले लोक. माझे सासरे साखरेचे पेशंट, आयुष्यात कुठल्या मोर्चाला गेले नाहीत. ते चालले. पायाला फोड आले, पण एक शब्द नाही.

सिमवाला: चालणं सोपं हाय ओ. वनतारा अंबानींचं, म्हणून जिओ सोडायचं ठरलं, तर आमच्या घरात पाच सिमं पोर्ट केली, १९०० ला मेसेज टाकून, सगळ्यांच्या आधी. नवीन कंपनीची रेंज फक्त माळवदावर. परत जाईन म्हटलं तर ९० दिवस हलता येत नाही! बायको अजून बोलत नाही. खरं तर बोलते, पण माळवदावर जाऊन, माहेरी.

उचगावकर: कुठली कंपनी घेतलीस? आमच्यात दोन कांड्या येतात.

सिमवाला: नाव घेत न्हाई. आधीच भोगतोय.

कागदवाचक: बघा! हत्तीवरनं रेंजवर आले. हेच म्हणतोय मी. टोलच्या वेळी हेच झालं. २०१५ च्या डिसेंबरात शहराचा टोल गेला, गुलाल उधळला. आता किणी नाक्यावर फास्टॅग टिंग वाजला की सगळे गप्प.

पेठकर: टोलच्या मोर्चात तुम्ही होता काय? मी होतो. रस्ता शहरातला, पैसे आमच्याच खिशातनं, शेजारच्या गल्लीत जायला टोल! किणी हायवेला आहे. फरक कळत नसेल तर अहवाल वाचत बसा.

कागदवाचक: वैयक्तिक व्हायचं काम नाही.

पेठकर: मग 'वारं' म्हणणं काय होतं? पोस्ट तुमचीच ना ती, कालची?

कागदवाचक: ...माझीच. वारं शब्द मागे घेतो. 'झुळूक' म्हणा. आणि वनतारानंच नंतर नांदणीजवळ केंद्र उभारायची तयारी दाखवली. म्हणजे तुमच्या रडण्याला किंमत आली, हे मान्य. पायाच्या नखांचं मात्र अजून कुणी बोललेलं नाही.

शिरोळची सून: सासरे म्हणतात, नखाचं आम्ही बघतो, आधी हत्तीण आणा.

सिमवाला: ते होईल ओ. उचगावकर, दोन कांड्या म्हणजे घरात का गच्चीवर?