एकटे पालक आणि आठवी-नववीतले मार्क: खरंच संबंध आहे का?

खडूफळा:
बरीच वर्षं शिकवतोय म्हणून बोलतो, राग मानू नका. एकट्या आईकडे किंवा बापाकडे वाढणारी पोरं प्राथमिकला वेगळी कळून येत नाहीत, पण आठवीत गणित अवघड झालं की मागे पडायला लागतात. होमवर्क अर्धवट, दांड्या, पालकसभेला कोणी नाही. घरात दोघं असले की एक ओरडतो, एक समजावतो. एकट्याने दोन्ही कसं जमायचं?

रात्रपाळी:
पालकसभा वर्किंग डेला सकाळी अकराला ठेवायची आणि वर कोणी येत नाही म्हणायचं, वा सर! मी एकटी आई आहे, रजा टाकली की पगार कापतात. मुलगा मागे पडला हे खरंय, पण कधी, तर आम्ही वेगळे झाल्यावर दोन वर्षांत तीनदा घर बदललं आणि मध्येच शाळाही बदलली तेव्हा. जुन्या शाळेत बीजगणित सुरू व्हायचं होतं, नवीन शाळेत ते होऊन गेलं होतं. म्हणजे त्याला ते कोणी शिकवलंच नाही. यात बाप घरात नसण्याचा काय संबंध?

आकडेमोड:
अमेरिकेत मॅक्लानहान आणि सँडफर या समाजशास्त्रज्ञांनी मोठ्या सर्व्हेंच्या डेटावरून १९९४ ला यावर पुस्तक काढलं. एकाच पालकाकडे वाढलेल्या मुलांमध्ये हायस्कूल सोडायचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं, तेव्हा सरांचं अगदीच चूक नाही. पण त्यातला जवळपास अर्धा फरक नुसता कमी उत्पन्नाचा. सारखं घर बदलणं हेही एक कारण सापडलं. आणि सावत्र आई किंवा बाप आलेल्या घरात माणसं दोन, तरी ती पोरं काही फार पुढे नव्हती.

खडूफळा:
अर्धा पैशाचा, मान्य. उरलेला अर्धा? पगार वाढला म्हणून रात्री बाराला पोराच्या हातातला मोबाइल आपोआप खाली जात नाही, कोणीतरी जागं लागतं.

सहावीब:
सर, माझी आई मी सहावीत असताना गेली, बाबांनी एकट्याने वाढवलं. पण मला शिक्षक, मावशी, शेजारी सगळ्यांनी सांभाळून घेतलं, फी थकली तरी कोणी वर्गात उभं केलं नाही. माझ्याच बाकावरच्या मित्राच्या आईवडलांचा डिव्होर्स झालेला, त्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये कुजबुज व्हायची. दोघांच्याही घरात एकच पालक, पण वागणूक बघा.

आकडेमोड:
हो, त्या अभ्यासातही पालक वारलेल्या मुलांचं नुकसान डिव्होर्सवाल्यांपेक्षा कमी दिसलं होतं.

खडूफळा:
कुजबुजीचं मान्य, आम्हीही करतो. तरी माझं मत बदललेलं नाही, एकट्या माणसाला चोवीस तास पुरत नाहीत. रात्रपाळी ताई, त्या बीजगणिताचं काय केलंत शेवटी?

रात्रपाळी:
ड्युटी नसेल त्या रात्री दोघं व्हिडिओ लावून बसायचो. मलाही येत नव्हतं. आता वर्गसमीकरणं मी त्याच्यापेक्षा फास्ट सोडवते.