मदत हवी आहे: दापोलीच्या नकाशात जंगल वाढलंय, कारण काय लिहू?

रानजाई, पुणे
एमएस्सीचा प्रकल्प आहे, दापोली ते गुहागर किनारपट्टी, 1995 आणि 2023 ची तुलना. उपग्रह प्रतिमांवरून जमिनीचं वर्गीकरण झालंय. सडा (कातळाचं उघडं पठार) घटलाय, जंगल खूप वाढलंय, खाड्यांत कांदळवनही वाढलंय. कारणांत लोकसंख्या आणि पर्यटन लिहिलं, सरांना ते पटत नाही. सोमवारी सादरीकरण आहे. प्लीज लवकर सांगा.

नकाशेवाला
प्रतिमा कुठल्या? महिने कुठले? तेच लिहिलं नाहीत.

रानजाई
लँडसॅट. 95 ची मार्चमधली, 23 ची नोव्हेंबरमधली. फरक पडतो का?

नकाशेवाला
पडणारच. नोव्हेंबरात ऐन, साग ही झाडं पानांनी भरलेली असतात, मार्चपर्यंत पानगळ होऊन खालची तांबडी माती दिसते. दोन्ही वर्षांची जानेवारीतली प्रतिमा घ्या आणि वर्गीकरण पुन्हा चालवा. बाकी चर्चा नंतर.

खाडीकाठ
महिना बदलून सगळं मिटणार नाही. माझं गाव तिकडचंच. तुमच्या 'जंगला'त कलमांच्या बागा आहेत. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान सुरू झालं आणि सडे बदलले. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची, त्यात हापूस नाहीतर काजू. दहा मीटरवर एक कलम धरलं, तर लँडसॅटच्या 30 मीटरच्या चौकोनात, म्हणजे प्रतिमेच्या एका ठिपक्यात, नऊ झाडं मावतात. ते जंगलासारखंच हिरवं दिसणार. बागायत वेगळा वर्ग करा, गूगल अर्थवर झाडांच्या रांगा ओळखू येतात.

सह्यमित्र
कांदळवनाचं श्रेय कायद्याला द्या. 2005 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने तोड थांबली, 2012 मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष झाला.

खाडीकाठ
कायद्याने तोड थांबते हो, पण भाताच्या खाचरात चिपी आणि तिवर ही कांदळाची झाडं कशी आली? माणसं मुंबईला गेली, खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची) डागडुजी राहिली, बांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरलं. आमच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खार जमिनीत, आता भात नाही, कांदळ आहे.

सह्यमित्र
ते तुमच्या गावचं झालं. ठाण्याच्या खाडीत कुठला भात होता?

नकाशेवाला
प्रश्न दापोलीचा आहे, ठाणे कशाला?

कोथरूडकर काका
आंजर्ल्याजवळ सेकंड होमसाठी जागा बघतोय. भरतीरेषेपासून किती अंतर सुरक्षित? सातबारावर काय तपासावं?

खाडीकाठ
काका, वेगळा धागा काढा. पण रानजाई, हेही कारणांत घ्या. पुण्या-मुंबईच्या प्लॉटवाल्यांसाठी सडे सपाट होतात, चिऱ्याच्या कंपाउंडांत वाटले जातात.

माडबन
निसर्ग वादळ विसरलात. 3 जून 2020 ला केळशी-आंजर्ल्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. किनाऱ्यालगत हिरवं कमी दिसलं तर ते बांधकामाच्या खात्यावर टाकू नका.

रानजाई
जानेवारीच्या प्रतिमा चालवल्या. जंगलाची वाढ बरीच खाली आली. उरलेल्यात आंजर्ल्याच्या वरच्या सड्यावर रांगा स्पष्ट दिसतात, तिथे बागायत वर्ग केला. आता खाजणाचं अडलंय. 95 मध्ये तिथे भातच होता हे दाखवायचं कशावरून? पुण्यात मिळेल असं काही?

नकाशेवाला
सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (भूरूप नकाशा) बघा, 1:50,000 प्रमाणाची. खाडीकाठचा बांध त्यात दाखवलेला असतो. तुमच्या विभागाच्या नकाशा कक्षात विचारा आधी.

खाडीकाठ
टोपोशीटवर बांध कळेल, भात नाही. त्याच 95 ची ऑक्टोबरमधली प्रतिमा मिळते का बघा. कापणीच्या आसपास खाचरं वेगळी ओळखू येतात. गावाचं नाव लिहा, जुने बांध कुठे होते ते घरी फोन करून विचारतो.