एमजीए १५०० सिग्नलला तापते आहे. इलेक्ट्रिक पंखा बसवावा का?

पार्लेकरीण
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९५७ सालची एमजीए १५०० ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. बाबांनी ती एका निवृत्त वैमानिकाकडून घेतली होती. बाबा गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मीच चालवते. दर रविवारी पहाटे पार्ल्याहून सी लिंकवरून वरळी, मग दादरला न्याहारी आणि माहीममार्गे घरी, एवढाच तिचा फेरफटका.

पहाटे काही तक्रार नसते. काटा १८५ फॅरनहाइटवर ठाण मांडून बसतो. पण परतताना नऊ-साडेनऊ वाजले आणि माहीमच्या कॉजवेवर गर्दी लागली की चढायला लागतो. मागच्या रविवारी २१२ च्या पुढे गेला. गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटमागच्या दोन्ही जाळ्यांतून वाफ येऊ लागली, कूलंटचा तो गोडसर वास सुटला आणि चाकाखाली हिरवं पाणी. पाऊण तास उभी होते. रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही, ते बाबांनी फार लहानपणीच शिकवलं होतं.

आमचा मेकॅनिक म्हणतो, इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पत्र्याचा पंखा काढून मारुती ८०० चा इलेक्ट्रिक पंखा लावू, एका दिवसाचं काम. मला दोन शंका आहेत. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, आजच्या गाड्यांच्या उलट. आणि चार्जिंगला मूळचा डायनॅमो आहे. कुणी हे करून बघितलंय का? पंखा किती इंची घ्यावा, रेडिएटरच्या पुढे लावावा की मागे?

सीएसटी_रोडचा_भक्त
मी माझ्या १९७२ च्या एमजीबीला लावला आहे, तीन वर्षं झाली, समाधानी आहे. बारा इंची, रेडिएटरच्या मागे, म्हणजे हवा ओढणारा. जागा असेल तर मागेच लावा. पुढे लावलेला पंखा गाडी पळत असताना येणाऱ्या हवेच्या वाटेत उभा राहतो. माझा पंखा क्लॅम्प मीटरवर ९ अँपिअर घेतो. ३० अँपिअरचा रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्याने मोठा करंट जोडणारा), २० चा फ्यूज आणि जाड वायर वापरा. डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट करंट नेऊ नका, स्विच वितळतो.

एक कळकळीची विनंती. पंख्यासोबत प्लॅस्टिकच्या टाय मिळतात, त्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवून पंखा अडकवायचा असतो. तसं अजिबात करू नका. इंजिनच्या थरथरीने टाय आणि पंखा पितळी नळ्यांवर घासत राहतात. माझ्या रेडिएटरचा पहिला कोअर, म्हणजे नळ्यांचा गाभा, आठ महिन्यांत गळायला लागला. दोन लोखंडी पट्ट्या वाकवून रेडिएटरच्या चौकटीच्या बोल्टांना धरा.

अँबॅसिडरवाले_काका
ताई, पंख्याचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी सांगा. सी लिंकवर ऐंशीच्या वेगाने जाताना, पहाटे नव्हे, चांगलं ऊन असताना, काटा कुठे असतो? आणि ब्लॉकचा, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य भागाचा, पाणी सोडायचा नळ शेवटचा कधी उघडला होता?

कारण सांगतो. पंख्याचं काम गाडी उभी असताना किंवा रांगत असताना. चाळीस-पन्नासच्या वर गाडी गेली की समोरून येणारी हवाच पुरते. त्या वेगालाही काटा चढत असेल तर दुखणं पंख्यात नाही. पाणी नीट फिरत नाही, किंवा फिरतं पण रेडिएटरमध्ये थंड होत नाही.

तुमचं इंजिन मला परकं नाही. एमजीए १५०० चं १४८९ सीसी इंजिन आणि आपल्या अँबॅसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीची, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, बी सिरीज. तुमच्याकडे दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत, बाकी हाडं तीच. या इंजिनाचं जुनं दुखणं म्हणजे ब्लॉकच्या मागच्या बाजूला, शेवटच्या सिलिंडरभोवती गंज आणि गाळ साचतो. पाणी तिथे पोचतच नाही. रेडिएटर खालून मोकळा करणारे खूप, ब्लॉकचा नळ उघडणारा एखादाच.

आता डायनॅमोचं. तुमच्या गाडीचा डायनॅमो फार तर १९ अँपिअर देतो, आणि तेही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. सिग्नलला उभ्या गाडीत तो जवळजवळ काहीच देत नाही. इग्निशनचा लाल दिवा मिणमिणतो ना, तो तेच सांगतो. म्हणजे इलेक्ट्रिक पंख्याला करंट हवा असतो नेमक्या त्याच वेळी डायनॅमोचे हात रिकामे असतात. सगळा भार बॅटरीवर. हिशेब करा. पंखा ९, कॉइल आणि पेट्रोल पंप मिळून ४, म्हणजे १३. अर्धा तास अडकलात तर साडेसहा अँपिअर-तास गेले. दिवसा चालून जाईल, पुढे रस्ता मोकळा मिळाला की भरपाई होईल. रात्री हेडलाइट लावून सायन ते ठाणे अडकलात तर सीटमागच्या त्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या घरी पोचवतीलच याची खात्री नाही.

कुणी सांगेल, मग डायनॅमोच्या जागी जास्त करंट देणारा अल्टरनेटर टाका. जरूर टाका, पण एमजीएचा आरपीएमचा काटा डायनॅमोच्या मागच्या छोट्या गिअरबॉक्सवरून केबलने चालतो. साधा अल्टरनेटर आला की तो काटा कायमचा शून्यावर. त्यासाठी डायनॅमोच्या आकाराचे, मागे ती केबल घेणारे अल्टरनेटर परदेशात बनतात, किंमत मात्र भरपूर.

म्हणून पत्र्याचा पंखा काढू नका. त्याला करंट लागत नाही, बेल्ट आहे तोवर तो फिरणार.

गिरगाव_गल्ली
पॉझिटिव्ह अर्थबद्दल माझा अनुभव. एका गॅरेजमध्ये माझ्या ट्रायम्फला पंखा बसवून घेतला, तेव्हा ती पॉझिटिव्ह अर्थच होती. त्यांनी नेहमीच्या सवयीने काळी वायर बॉडीला जोडली. पंखा जोरात फिरायचा, आवाजही छान, आणि गाडी आधीपेक्षा लवकर तापायची. दोन आठवडे मी हैराण. शेवटी वडिलांनी वर्तमानपत्राचं अर्धं पान रेडिएटरच्या जाळीपुढे धरलं, तर ते जाळीला चिकटायच्या ऐवजी बाहेर फडफडलं. मोटर उलटी फिरत होती आणि इंजिनची गरम हवा पुढे ढकलत होती. दोन्ही वायरी अदलाबदल केल्या, संपलं.

मोटर दोन सुट्या वायरींची आहे ना, बॉडीतूनच अर्थ घेणारी नाही ना, हे विकत घेतानाच पाहा. आणि पंखा लावला की कागद धरून बघाच.

घाटवाट
पेट्रोलकडेही लक्ष द्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त गरम चालतं. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरांचे जेट सारखेच थोडे खाली घ्या, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त येईल. इग्निशनचा टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तपासा, मागे पडला असेल तर तापणारच. मी बोरघाट चढतो तेव्हा या दोन गोष्टींनी सर्वांत जास्त फरक पडला.

पार्लेकरीण
काका, तुमचा प्रश्न वाचून काल मुद्दाम अकरा वाजता सी लिंकवर गेले. ऐंशीला काटा २०० वर, आणि उतरेना. म्हणजे तुमचं म्हणणं खरं.

ब्लॉकच्या नळाबद्दल बाबांची वही काढली. प्रत्येक तेलबदलाची तारीख आहे, पेट्रोलचा भावसुद्धा लिहिलेला आहे. रेडिएटर साफ केल्याची नोंद १९९४ ची. ब्लॉकच्या नळाची एकही नाही. बाबांच्या हातून एवढी एक गोष्ट राहिली असेल असं मला वाटलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी उघडते.

अँबॅसिडरवाले_काका
उघडाल तेव्हा इंजिन पूर्ण गार असू द्या. पाणी आलं नाही तर नळ बिघडला असं समजू नका. नळ पूर्ण काढा आणि भोकातून तार घाला. थर्मोस्टॅटही, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून पातेल्यात पाणी तापवून बघा, ८२ अंश सेल्सिअसचा असेल तर तेवढ्याला उघडला पाहिजे. तो कायमचा काढून टाकू नका, आणि कमी अंशाचा टाकून रेडिएटर मोठा होतो असंही नाही.

पार्लेकरीण
पाच आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

नळ उघडला, एक थेंब आला नाही. नळ पूर्ण काढून जुन्या सायकलची एक तार आत घातली. आधी टोक खडकावर आपटावं तसं आपटलं. मग हळूहळू काळपट लाल लगदा यायला लागला, अगदी चहाच्या चोथ्यासारखा. अर्धी वाटी भरली. त्यानंतर एकदम धार लागली, गंजलेली. हेडच्या बाजूने होजपाइपचं पाणी सोडलं आणि स्वच्छ पाणी यायला जवळजवळ तास लागला. मी आंब्याखाली मांडी घालून बसले होते, उठवेना.

रेडिएटर कुर्ल्याला नेला. वरची टाकी डाग उकलून काढली तेव्हा दिसलं, कोपऱ्यातल्या नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या. आमच्या सोसायटीत कित्येक वर्षं टँकरचं पाणी येत होतं आणि बाबा तेच भरायचे. कारागिराने एकेका नळीत पट्टी घालून मोकळी केली आणि टाकी परत डागली. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं आहे. थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत होता, तो बदलला. जेट आणि टायमिंगही करून घेतलं.

पत्र्याचा पंखा ठेवला. मदतीला दहा इंची इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरच्या पुढे, पट्ट्यांवर, कारण मागे पत्र्याचा पंखा असल्यामुळे जागाच नाही. रिले आणि फ्यूज आहेत, स्विच हाताने लावायचा, डॅशबोर्डच्या खाली, एकही भोक न पाडता. साडेसहा अँपिअर घेतो. वर्तमानपत्राचं पान धरून बघितलं, जाळीला घट्ट चिकटलं.

परवा मुद्दाम संध्याकाळी साडेसहाला माहीमला गेले. पार्किंगचे दिवे लावलेले, कॉजवेवर वीस मिनिटं जागची हलले नाही. काटा १९५ ला गेला तेव्हा स्विच लावला, तीन-चार मिनिटांत १९० वर आला आणि तिथेच राहिला. सी लिंकवर भर दुपारी ऐंशीला आता १८५.

वहीत आजची तारीख घातली आणि लिहिलं, ब्लॉकचा नळ उघडला. काका, पुढचा रविवार मोकळा असेल तर सांगा, गाडी तुमच्याकडे घेऊन येते.