मदत हवी आहे: २४ व्होल्टच्या मॉसफेट रेग्युलेटरमध्ये संध्याकाळी हम (मेन्सची गुणगुण)

हेडफोन अँपसाठी २४ व्होल्ट, अर्धा अँपिअरचा लिनिअर रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा सर्किट) आहे. ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट एसी, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड. पास ट्रान्झिस्टर, म्हणजे ज्यातून सगळा करंट जातो तो मॉसफेट, आयआरएफ ५४०; सोर्स फॉलोअर, म्हणजे ड्रेनला कच्चा सप्लाय आणि आउटपुट सोर्सवरून. त्याचा गेट चालवायला एनई ५५३४ ऑपअँप, त्याचा सप्लाय थेट मोठ्या कपॅसिटरवरून. तुलनेसाठीचा स्थिर रेफरन्स टीएल ४३१, ५ व्होल्टवर. फीडबॅकला ३.९ के आणि १ के. आउटपुटला २२० मायक्रोफॅरड लो-ईएसआर (आतला रोध अगदी कमी असलेला) कपॅसिटर.

दिवसा आवाज स्वच्छ. संध्याकाळी मेन्स २०७ पर्यंत उतरला की १०० हर्ट्झचा हम सुरू. कपॅसिटर दुप्पट करूनही जात नाही. शिवाय स्कोपवर आउटपुटला कायम ५० किलोहर्ट्झच्या आसपास काहीतरी थरथरतं. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

हे दोन वेगळे आजार आहेत. आधी हम.

२४ एसीचं शिखर ३४, ब्रिज २ खातो, राहिले ३२. अर्ध्या अँपिअरला रिपल (कपॅसिटरवरचा चढउतार) साधारण १ व्होल्ट, म्हणजे तळ ३१. मेन्स २०७ असताना हाच तळ २७.५ वर येतो. ड्रेनला तेवढं भरपूर. पण गेट सोर्सपेक्षा ४ व्होल्ट वर लागतो, म्हणजे २८. आणि ५५३४ स्वतःच्या सप्लायच्या २ व्होल्ट खालीच अडतो, म्हणजे त्याला ३० हवेत. कपॅसिटर कितीही वाढवा, शिखरच २८.५ आहे.

ट्रान्सफॉर्मर बदलू नका, मॉसफेट उगाच तापेल. फक्त ऑपअँपला उंच सप्लाय द्या. ब्रिजच्या एका एसी टोकाला १०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा मायनस जोडा. कच्च्या प्लसवरून (मोठ्या कपॅसिटरच्या) त्याच्या प्लसकडे एक १एन४००७ डायोड, तिथून दुसरा १एन४००७ पुढच्या १०० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टवर. साठेक व्होल्ट मिळतील. मग २.२ के, १ वॉट आणि ३६ व्होल्टचा १ वॉट झेनर; झेनरवरचे ३६ व्होल्ट ऑपअँपला. टीएल ४३१ ला पण इथूनच १५ के मधून द्या, कच्च्या बाजूचा रिपल रेफरन्समध्ये शिरायला नको.

आता गेट ३४ पर्यंत जाऊ शकतो आणि आयआरएफ ५४० ची गेट-सोर्स मर्यादा २० आहे. आउटपुट शॉर्ट झाला की गेट फुटलाच. गेट-सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर विसरू नका.

प्रतिसाद २

५० किलोहर्ट्झ म्हणजे फीडबॅकचा अख्खा लूपच ऑसिलेट होतोय. गेटचं स्थानिक ऑसिलेशन असतं तर काही मेगाहर्ट्झ दिसले असते. त्याला उपाय गेटच्या पायाला चिकटून २२० ओहम, दोन सेंटिमीटर लांब नाही. तो तसाही लावा. झेनर त्याच्या मॉसफेटकडच्या बाजूला.

लूपचा दोषी तो लो-ईएसआर कपॅसिटर. मॉसफेटच्या अर्ध्या-एक ओहमच्या आउटपुट रोधाशी मिळून तो किलोहर्ट्झभरावरच फेज वळवतो, म्हणजे फीडबॅक उशिरा पोचवतो, आणि ५५३४ त्यापुढेही कितीतरी वेगाने धावत असतो. कपॅसिटरच्या सिरीजला ०.४७ ओहम टाका. ऑपअँपच्या आउटपुटपासून इन्व्हर्टिंग इनपुटला १ नॅनोफॅरड द्या आणि पाय ५ व ८ मध्ये २२ पिकोफॅरड. ५५३४ त्याशिवाय ३ पेक्षा कमी गेनला स्थिर नसतो. अँपच्या बोर्डावर मोठा लो-ईएसआर कपॅसिटर असेल तर तोही हिशोबात धरा.

धागाकर्ता

उंच सप्लायची कटकट टाळायला पी-चॅनेल आयआरएफ ९५४० चालेल का?

प्रतिसाद १

गेटचा प्रश्न मिटेल, कारण तो कच्च्या प्लसच्या खाली ओढायचा असतो. पण आउटपुट ड्रेनवरून निघतो, त्यामुळे मॉसफेटचाही गेन लूपमध्ये येतो आणि वरचं कॉम्पेन्सेशन (लूप स्थिर करणारे कपॅसिटर-रेझिस्टर) सगळं नव्याने बसवावं लागतं. ऑपअँपची इनपुटंही उलटी होतील. दोन डायोड आणि एक झेनर त्यापेक्षा स्वस्त.