आईच्या पहिल्या स्मरणदिनासाठी दोन पाने लिहायची आहेत, कशी लिहावीत?

प्रश्न

माझी आई गेल्या वर्षी दिमोना येथे वारली. हिब्रू पंचांगाप्रमाणे तिच्या पहिल्या स्मरणदिनाला आता पाच आठवडे उरले आहेत. त्या दिवशी जमणाऱ्या मुला-नातवंडांच्या हाती देण्यासाठी तिच्या आयुष्यावर दोन पाने लिहिण्याचे काम भावंडांनी माझ्याकडे सोपवले आहे. आई मूळची रेवदंड्याची. लग्नानंतर ती मुंबईत आली, आणि १९६१ मध्ये वडील, आम्ही चार मुले आणि तिचा धाकटा भाऊ अशा सगळ्यांसह इस्रायलला आली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. दिमोना त्या वेळी नेगेवच्या वाळवंटात नुकतेच वसू लागले होते. वडील कापडगिरणीत लागले आणि आई आपले घर सांभाळून कामावर जाणाऱ्या शेजारणींची मुलेही सांभाळू लागली.

तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा ‘प्रेमळ, कष्टाळू, कुटुंबासाठी झिजलेली’ याच्यापुढे गाडी सरकली नाही. हे शब्द खरे आहेत, पण ते कोणाच्याही आईविषयी लिहिता येतील.

शिवाय दोन शंका आहेत. नातवंडांना मराठी थोडेफार समजते, वाचता मात्र येत नाही. मग लेख हिब्रूतच लिहावा काय? दुसरी शंका अधिक अवघड आहे. १९६३ मध्ये मामाचे लग्न ठरले. मुलगी आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, समाजातील नव्हती. नोंदणीच्या वेळी मामाकडे पूर्वजांविषयी पुरावा मागण्यात आला आणि लग्न कित्येक महिने अडून राहिले. आई त्या दिवसांत फार खचली होती. हा प्रसंग लिहावा असे मला वाटते. धाकटा भाऊ मात्र नको म्हणतो.

पहिले उत्तर

भाषेबद्दल एवढेच सांगतो की दोन्ही ठेवा, एका पानावर मराठी आणि समोरच्या पानावर हिब्रू. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या हगादामध्ये, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, हिब्रूसोबत मराठी छापलेले आहे; म्हणजे आपल्या वाडवडिलांनी दीडशे वर्षांपूर्वीच हा मार्ग काढला होता. मात्र हिब्रू करताना आईचे शब्द पुसू नका. त्या सुक्कोतच्या सणाला ‘खिरीचा सण’ म्हणत असतील तर हिब्रू पानावरही ते दोन शब्द तसेच राहू द्या. नातवंडे विचारतील, आणि विचारले म्हणजे तुम्हाला सांगता येईल.

दुसरे उत्तर

ताई, आपल्या दुसऱ्या शंकेवर मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्या काळाची झळ आमच्याही घराला लागली होती. बेने इस्रायलांशी विवाह करण्यास हरकत नाही, असा निर्वाळा इस्रायलमधील ज्यू धर्मगुरूंच्या मुख्य मंडळाकडून १९६१ मध्ये मिळाला होता. तरीही त्याच मंडळाच्या १९६२ च्या सूचनांप्रमाणे विवाह लावणाऱ्यांनी, ज्यू असणे आईकडून ठरते म्हणून, वधू-वराची आई, आईची आई, अशी मातृपरंपरा शक्य तितकी मागे तपासावी असे ठरले, आणि कोकणात शतकानुशतके शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवल्यामुळे ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटले गेले, त्यांच्यावर इथे येऊन आपण ज्यू आहोत हे सिद्ध करण्याची वेळ आली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे लहान मुलांना घेऊन जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, या प्रश्नासाठी खास बैठक घेतली, तेव्हा कुठे त्या सूचनांमधून आपल्या समाजाचे नाव निघाले.

हा इतिहास इतरत्र वाचायला मिळेल, म्हणून आपल्या दोन पानांत तो सगळा येण्याची गरज नाही. मला जाणून घ्यायचे आहे ते वेगळेच: त्या महिन्यांत आपल्या आईने काय केले? खचल्या होत्या हे आपण लिहिलेत, पण खचलेले माणूसही दिवसभर काही ना काही करतच असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपल्या प्रश्नामुळे दोन रात्री नीट झोप लागली नाही, कारण जे आठवले ते मी कधी कोणाला सांगितलेच नव्हते. आईला हिब्रू येत नव्हते. चौकशीसाठी बोलावले तेव्हा ती नऊवारी नेसून मामाबरोबर गेली आणि शब्द सांगायला मला घेऊन गेली. मी अकरा वर्षांची होते. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी आईच्या आईचे नाव विचारले. आईने ते सांगितले, मग तिच्या आईचे, मग तिच्या आईचे, आणि प्रत्येक नावाबरोबर माहेरचे गाव: रेवदंडा, चौल, नागाव, पेण, पुन्हा चौल. सात बायका तिने न अडखळता मोजल्या. बोटांच्या पेरांवर अंगठा सरकत होता, जशी ती शब्बाथच्या आदल्या दिवशी भाकऱ्या मोजत असे. गृहस्थ तिसऱ्या नावानंतर लिहायचे थांबले होते. मी आईला म्हटले, पुरे. ती म्हणाली, ‘विचारलंय ना, मग पुरं ऐकू दे.’

तिसरे उत्तर

मी रेवदंड्याचा, ज्यू नाही. आमच्या आळीतली काही घरे आपल्या समाजाची होती. आपल्या भावाचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. स्मरणलेखात त्या गृहस्थांना जास्त जागा दिली तर लेख त्यांचा होईल. त्यांना एक वाक्य पुरे. जागा त्या सात बायकांना द्या. त्यांची नावे आपल्याला आठवतात काय? आठवत असतील तर गावांसह ती आजच उतरवून ठेवा, कारण बायकांची नावे आमच्याकडच्या कोणत्याही वंशावळीत मला आढळलेली नाहीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काल भावाला फोन करून हा प्रसंग सांगितला. त्याला तो ठाऊकच नव्हता. तो तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याने आता हरकत घेतलेली नाही, उलट मामांना विचारून नावे पडताळून घेतली. पाच मला आठवत होती, सहावे मामांनी सांगितले. सातव्याची जागा गावाच्या नावानिशी रिकामी ठेवते आहे. चौथे नाव आई दोन प्रकारे घेत असे, एक हिब्रू आणि एक घरात हाक मारायचे मराठी, दोन्ही लिहीन. लेखाचा आरंभही त्या नावांनीच करते आहे, आणि आठव्या ओळीवर आईचे नाव येईल.