मदत हवी आहे : व्हॅन्कोमायसिन सलाईनमधून, घरी देता येईल का?

माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. पायाच्या जखमेतून हाडापर्यंत इन्फेक्शन गेलं आणि कल्चरमध्ये (जखमेतले जंतू वाढवून बघायची तपासणी) एमआरएसए, म्हणजे बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू, आला. आता व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू आहे, एकूण साधारण सहा आठवडे द्यावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. गोळी का नाही, असं विचारलं तर कळलं की हे औषध तोंडाने घेतल्यास आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, त्यामुळे हाडापर्यंत पोचवायचं तर शिरेतूनच द्यावं लागतं.

एकदा सलाईन भरभर सोडलं गेलं तेव्हा त्यांचा चेहरा आणि मान लालभडक झाली, अंगाला खाज सुटली. वेग कमी केल्यावर उतरलं. एक ग्रॅमचा डोस किमान तासभर चालायला हवा, हे सिस्टरांनी नंतर सांगितलं. म्हणून मी आता स्वतः घड्याळ लावून बसते. ज्यांचं कोणी ॲडमिट आहे त्यांनीही लक्ष ठेवा, प्लीज.

मुख्य काळजी किडनीची, कारण या औषधाचा तिच्यावर परिणाम होऊ शकतो. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) आधीच 1.4, म्हणजे थोडं जास्त आहे. पिक लाइन (दंडाच्या शिरेतून घातलेली, बरेच दिवस ठेवता येणारी बारीक नळी) टाकून घरी सोडायचा विचार चालू आहे, आणि आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. घरी येऊन डोस देणारी अनुभवी नर्स त्या भागात कोणाला माहीत आहे का? औषधाची रक्तातली पातळी तपासणारी लॅब जवळपास कुठे आहे? आणि घरी असताना क्रिएटिनिन किती दिवसांनी बघायला सांगितलं होतं तुम्हाला? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण यातून गेलेल्यांचं ऐकायचंय.