मदत हवी आहे: पाटीचा परिणाम मोजायचा कसा?

आमच्या गावाजवळच्या टेकडीवरच्या निसर्ग उद्यानात लोकांनी माकडांना खायला घालू नये म्हणून आम्ही चार स्वयंसेवक नव्या माहितीपाट्या करतोय. जुनी पाटी म्हणजे नुसतं ‘दंड होईल’. तिच्याच खाली उभं राहून आजोबा नातवाकडून केळी वाटतात!

फाटकावर प्रश्नावली भरून घेतली, पण ती फसली. जवळजवळ सगळ्यांनी ‘खायला घालू नये’वर खूण केली आणि शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन आत गेले.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांचा प्रयोग वाचलाय. ‘आधीच्या अनेकांनी इथलं अश्मीभूत (दगड झालेलं) लाकूड नेलं’ अशा पाटीजवळचे सुमारे ८ टक्के तुकडे चोरीला गेले, तर ‘कृपया नेऊ नका’ या पाटीजवळचे २ टक्क्यांहून कमी. म्हणून ‘रोज शेकडो लोक खायला घालतात’ हे वाक्य आम्ही मसुद्यातून काढलं. पण तिथे मोजलं ते वागणं. मनातली भूमिका बदलली का, ते कसं कळणार?

पायवाट एकच, त्यामुळे दोन गट पाडता येत नाहीत. एक रविवार पाटी उघडी, एक रविवार कापडाने झाकलेली, एवढं जमेल. कॅमेरा लावायचा नाही, कुणाचा फोन नंबर घ्यायचा नाही. शाळेच्या सहली वगळल्यात, तिथे बाई दटावतात.

परतीच्या वाटेवर दोनच मिनिटं मिळतात. तेवढ्यात, ‘बरोबर उत्तर’ न सुचवता, नेमके कोणते दोन-तीन प्रश्न विचारावेत?